विश्लेषण: चार दिवसांत मिळालेली परवानगी तीन वर्षं का अडकली? न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची टेबलं आणि मुंबईचा प्रश्न

रेस्टॉरंटनं फुटपाथवर चार टेबलं लावायची की नाही, हा एरवी महापालिकेच्या एखाद्या कोपऱ्यातल्या टेबलावर पडून राहणारा विषय. करोनाच्या पहिल्या वर्षात मात्र हाच विषय स्वयंपाकी, वेटर आणि भांडी घासणाऱ्या हजारो लोकांच्या पगाराशी जोडला गेला. न्यूयॉर्क शहरानं जून २०२० मध्ये ही सवलत चार दिवसांत दिली. तीच कायम करायला त्या शहराला जवळपास तीन वर्षं लागली. आणि ती कायम झाली तेव्हा तिच्यासाठी अर्ज करणारी रेस्टॉरंट होती पूर्वीच्या साधारण एक चतुर्थांश. असं का झालं आणि मुंबई-पुण्यानं त्यातून काय उचलावं, हे समजून घेण्यासारखं आहे.

करोनाआधी नियम काय होते?

न्यूयॉर्कमध्ये २० हजारांहून अधिक रेस्टॉरंट आणि बार आहेत. करोनापूर्वी त्यांपैकी फुटपाथवर टेबलं लावायचा परवाना दीड हजारांकडेही नव्हता, आणि ज्यांच्याकडे होता ती बहुतेक मॅनहॅटनमधली. कारण सरळ होतं. कोणत्या रस्त्यावर असा कॅफे चालेल हे शहराच्या विकास नियमांत ठरलेलं. तिथे बसत असाल तर नकाशा काढा, अर्ज करा, स्थानिक मंडळासमोर जा, अनामत भरा, जागेच्या चौरस फुटांप्रमाणे शुल्क भरा आणि काही महिने थांबा. वकील आणि वास्तुविशारद परवडणाऱ्यांनाच हे जमायचं. क्वीन्स किंवा ब्रॉन्क्समधल्या कुटुंबानं चालवलेल्या छोट्या खानावळीला यात पडायची गरजही वाटत नसे आणि हिंमतही होत नसे. रस्त्यावर, म्हणजे गाड्या उभ्या राहतात त्या पट्ट्यात, टेबलं लावायचा तर प्रश्नच नव्हता.

मार्च २०२० च्या मध्यात रेस्टॉरंटमध्ये बसून खाणं बंद झालं. उरलं पार्सल आणि घरपोच सेवा. भाडं मात्र सुरूच.

जून २०२० मध्ये नेमकं काय बदललं?

१८ जून हा गुरुवार होता. त्या दिवशी तत्कालीन महापौर बिल डी ब्लासिओ यांनी ‘ओपन रेस्टॉरंट्स’चा आदेश काढला. सोमवारी, २२ जूनला, शहर निर्बंध शिथिल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात गेलं आणि त्याच दिवशी टेबलं रस्त्यावर आली. मधल्या दिवसांत रेस्टॉरंटचालकांनी केलं ते एवढंच: शहराच्या परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर एक फॉर्म भरला आणि ‘आम्ही अटी पाळतो’ असं स्वतःच जाहीर केलं. शुल्क शून्य. भेट द्यायला येणारा निरीक्षक टेबलं लागल्यानंतर येणार, आधी नाही.

अटी मात्र अगदी फूटपट्टीनं मोजता येतील अशा होत्या. फुटपाथवर चालणाऱ्यांसाठी ८ फूट वाट मोकळी हवी. रस्त्यावरची मांडणी कडेपासून ८ फुटांच्या आत हवी. फायर हायड्रंटपासून १५ फूट लांब. गाड्यांच्या बाजूला भक्कम, जाड कठडा. माझ्या मते या योजनेतली सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच होती. ‘योग्य ती खबरदारी घ्यावी’, ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या समाधानाप्रमाणे’ असली वाक्यं त्यात नव्हती. नियम मोजता येत असेल तर हॉटेलवाला स्वतः मोजू शकतो, शेजारचा रहिवासी मोजू शकतो आणि निरीक्षकालाही मोजण्यापलीकडे काही ठरवायला उरत नाही. चिरीमिरीची जागा नेमकी याच ‘ठरवण्यात’ असते, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

१० हजारांहून अधिक रेस्टॉरंट पहिल्या काही महिन्यांतच यात आली, पुढे हा आकडा १२ हजारांवर गेला. यामुळे सुमारे १ लाख नोकऱ्या वाचल्या, असा शहर प्रशासनाचा दावा होता. दावा प्रशासनाचाच असल्यानं तो थोडा हात राखून घ्यावा, पण एक गोष्ट नकाशावर उघड दिसत होती. फुटपाथ कॅफे पहिल्यांदाच मॅनहॅटनबाहेर, ब्रुकलिन, क्वीन्स आणि ब्रॉन्क्समध्ये, मोठ्या संख्येनं दिसू लागले.

आणि हे सगळं वेळेवर झालं म्हणून उपयोगी पडलं. शहरात आत बसून खायला परवानगी मिळाली थेट ३० सप्टेंबरला, तीही २५ टक्के क्षमतेनं. १४ डिसेंबरला ती पुन्हा गेली आणि १२ फेब्रुवारी २०२१ ला परत आली. या काळात बाहेरची टेबलं हाच अनेकांचा मुख्य गल्ला होता.

(जाता जाता: परवान्यांच्या दुनियेत गंमत कशी होते पाहा. गर्दी टाळण्यासाठी न्यूयॉर्क राज्यानं जुलै २०२० मध्ये नियम केला की, खायला काही मागवल्याशिवाय दारू द्यायची नाही. मग काही बारनी एक डॉलरला मूठभर वेफर्स विकायला काढले आणि त्यांना गव्हर्नरचं नाव दिलं, ‘कुओमो चिप्स’. मोजता न येणारा नियम केला की असंच होतं; पुढे राज्याला ‘खाणं’ म्हणजे काय याची व्याख्या करत बसावं लागलं.)

शुल्कमाफी पुरेशी का नसते?

साथीच्या काळात प्रत्येक सरकारचा हात पहिल्यांदा शुल्काकडे जातो. शुल्क माफ करा, हप्ते द्या, नूतनीकरणाची मुदत वाढवा. हे करायला सोपं असतं, एका शासन निर्णयात भागतं. पण शुल्क हा रेस्टॉरंटच्या खर्चातला छोटा भाग. भाडं, पगार, वीज आणि कच्चा माल हे मोठे. शुल्क माफ झालं म्हणून एकही जास्तीचं गिऱ्हाईक आत बसत नाही.

साधा हिशेब मांडू. ४० जणांचं रेस्टॉरंट आहे. ५० टक्के क्षमतेचा नियम लागला की २० खुर्च्या उरल्या. भाडं ४० खुर्च्यांचंच आहे. आता बाहेर चौघांची तीन टेबलं लागली की १२ खुर्च्या वाढल्या, म्हणजे एकूण ३२. हा फरक वर्षाच्या परवाना शुल्कातून कधीच निघत नाही. त्यामुळे महापालिकेकडे देण्यासारख्या खऱ्या गोष्टी दोनच असतात: जागा आणि वेळ. न्यूयॉर्कनं जागा दिली.

आपल्याकडे काय दिलं गेलं?

महाराष्ट्रात मार्च २०२० पासून बंद झालेली बसून खाण्याची सोय ५ ऑक्टोबर २०२० ला ५० टक्के क्षमतेनं सुरू झाली. केंद्राच्या नियमावलीनं ८ जूनपासूनच मुभा दिली होती, पण इथली रुग्णसंख्या पाहता राज्यानं ती वापरली नाही. त्या वेळच्या मुंबईची अवस्था आठवली तर त्याला दोष देता येत नाही. दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये ‘ब्रेक द चेन’ खाली पुन्हा फक्त पार्सल. जूनमध्ये पाच स्तरांची पद्धत आली आणि मुंबईसह अनेक भागांत रेस्टॉरंटना दुपारी ४ ची मर्यादा लागली. १५ ऑगस्टपासून ती रात्री १० झाली, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात रात्री १२.

दुपारी ४ म्हणजे काय, हे धंद्यातल्यांना विचारा. सकाळी इडली-वडा आणि दुपारी थाळी विकणारं उडुपी त्यात कसंबसं तरलं. पण ज्यांचा गल्ला रात्री ८ नंतर भरतो, त्या परमिट रूमला आणि फॅमिली रेस्टॉरंटला ही मर्यादा जवळपास बंदीच होती. ‘आहार’ ही हॉटेलचालकांची संघटना त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सतत वेळ वाढवून मागत होती, ती यासाठी.

सवलती दिल्या गेल्या नाहीत असं नाही. मे २०२० मध्ये परमिट रूम आणि बारना शिल्लक साठा सीलबंद बाटलीत, छापील किमतीला विकायची मुभा मिळाली. अबकारी परवाना शुल्कात सवलत देण्याचा निर्णय झाला. आदरातिथ्य व्यवसायाला लागणाऱ्या ७० परवानग्या १० वर आणायचं आणि बाकीच्या ठिकाणी स्वयंघोषणा घ्यायची, असंही सरकारनं २०२० मध्ये जाहीर केलं. हे शेवटचं पाऊल चांगलं होतं, पण ते व्यवसाय सुलभतेचं पाऊल होतं, साथीतला दिलासा नव्हे. नवं हॉटेल काढणाऱ्याला त्याचा फायदा. ज्याचं हॉटेल आधीच आहे आणि गिऱ्हाईक आत बसू शकत नाही, त्याला त्यातून मोकळ्या हवेतली एकही खुर्ची मिळत नव्हती. यादी पाहिली तर लक्षात येतं की आपण शुल्क दिलं, साठा विकू दिला, कागद कमी केले. जागा दिली नाही.

जागा देणं मुंबईत शक्य तरी आहे का?

इथे न्यूयॉर्कचं उत्तर जसंच्या तसं उचलता येत नाही. आपल्याकडे ८ फूट वाट सोडून टेबल लावायचं तर मुळात ८ फुटांचा फुटपाथ हवा. जो आहे त्यावर आधीच चालणारे, फेरीवाले, बसथांबे, विजेच्या पेट्या आणि दुचाक्या आहेत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस.

आणि एक जखम आहे. मुंबई महापालिकेनं गच्चीवरच्या रेस्टॉरंटचं धोरण मंजूर केल्याला दोनच महिने झाले होते, तेव्हा डिसेंबर २०१७ च्या अखेरीस कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. ती दुर्घटना त्या धोरणामुळे झाली असं म्हणणं चूक ठरेल. पण त्यानंतर ‘उघड्यावर बसायला द्या’ म्हटलं की अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काय येत असेल, हे समजू शकतं. स्वयंघोषणा म्हणजे ‘मी सगळं नीट केलंय’ हे मालकाच्या शब्दावर मानणं. जिथे आग लागू शकते तिथे तो शब्द पुरत नाही.

पण म्हणूनच फरक करायला हवा. बंद छपराखालची गच्ची आणि जमिनीवरची उघडी चार टेबलं यांचा धोका एक नाही. न्यूयॉर्कनंही हिवाळ्यात प्रोपेनवर चालणारे हिटर लावू देताना अग्निशमन विभागाचे वेगळे नियम घातले होते. टेबलासाठी स्वयंघोषणा चालेल, आगीशी संबंध आला की तपासणी आधी. इमारतीच्या आवारातली, दर्शनी बाजूची मोकळी जागा, सुट्टीच्या दिवशी रिकामी राहणारी वाहनतळं, रविवारी वाहनांसाठी बंद केलेला एखादा रस्ता, हे पर्याय मुंबई-पुण्यात होते आणि आहेत. न्यूयॉर्कनंही जुलै २०२० पासून शनिवार-रविवारी काही रस्ते वाहनांसाठी बंद करून रेस्टॉरंटना दिले होते.

मग न्यूयॉर्कचं बिघडलं कुठे?

आदेश काढताना त्याचा शेवट लिहिला गेला नाही, इथे. सप्टेंबर २०२० मध्ये महापौरांनी योजना कायमस्वरूपी करण्याची घोषणा केली. पण घोषणा आणि कायदा यांच्या मधल्या काळात योजना आणीबाणीच्या आदेशांवरच चालत राहिली. ‘तात्पुरती’ म्हणून नीट नियमन नाही आणि ‘कायम’ म्हणून कुणी काढत नाही, अशी मधलीच अवस्था. काहींनी पक्क्या लाकडी खोल्याच उभारल्या, ज्यांत हवा खेळायचा मूळ हेतूच हरवला. काही रेस्टॉरंट बंद पडली आणि त्यांचे सांगाडे रस्त्यावर तसेच राहिले. उंदीर, कचरा, रात्रीचा गोंगाट, गेलेली पार्किंगची जागा, व्हीलचेअरला न मिळणारी वाट अशा तक्रारी वाढल्या. काही रहिवासी कोर्टात गेले. त्यांना सरसकट ‘विकासविरोधी’ म्हणणं अन्यायाचं होईल. रात्री १ वाजता खिडकीखाली ग्लास वाजत असतील तर माणूस तक्रार करणारच. ऑगस्ट २०२२ मध्ये नवे महापौर एरिक अॅडम्स यांना ओस पडलेले सांगाडे हटवायला वेगळी मोहीमच काढावी लागली.

ऑगस्ट २०२३ मध्ये कायदा झाला. त्यात रस्त्यावरची टेबलं १ एप्रिल ते २९ नोव्हेंबर एवढीच ठेवता येतात, नंतर सगळं काढून न्यायचं. चार वर्षांच्या परवान्यासाठी १,०५० डॉलर, फुटपाथ आणि रस्ता दोन्ही हवं तर दुप्पट. त्यावर जागेच्या आकारानुसार वार्षिक शुल्क. आणि प्रत्येक अर्ज पुन्हा स्थानिक मंडळ, जाहीर सुनावणी, लेखा नियंत्रकाचं कार्यालय अशा जुन्या वळणाच्या रस्त्यानं जाणार. ३ ऑगस्ट २०२४ ही अर्जाची शेवटची तारीख होती. १२ हजारांवर गेलेल्या योजनेत या वेळी अर्ज आले सुमारे ३ हजार रेस्टॉरंटचे. आणि त्यांतलेही बहुतेक पहिल्या हंगामात पूर्ण परवान्याऐवजी सशर्त मंजुरीवर चालले, कारण फायली पुढेच सरकत नव्हत्या.

मोसमी अट कागदावर निरुपद्रवी दिसते. पण मॅनहॅटनमधल्या गाळ्यात राहणाऱ्या छोट्या खानावळीनं नोव्हेंबरात लाकडी कठडे आणि तळफळ्या ठेवायच्या कुठे? गोदाम भाड्यानं घ्यायचं, उतरवायला-चढवायला माणसं लावायची, एप्रिलमध्ये पुन्हा तेच. म्हणजे ज्या छोट्यांना २०२० च्या साध्या फॉर्मनं आत घेतलं होतं, त्यांनाच २०२३ च्या कायद्यानं दाराबाहेर काढलं.

इंग्लंडनं वेगळं काय केलं?

एकच कळीची गोष्ट. ‘बिझनेस अँड प्लॅनिंग अॅक्ट २०२०’ मध्ये फुटपाथ परवान्यासाठी जास्तीत जास्त १०० पौंड शुल्क आणि साधारण दोन आठवड्यांत निर्णय अशी तरतूद होती. मुदतीत कौन्सिलनं उत्तर दिलं नाही तर परवाना मिळाला असं मानलं जाई. सॉफ्टवेअरच्या भाषेत याला टाइमआउट म्हणता येईल: समोरून उत्तर आलं नाही तर यंत्रणा अनंतकाळ वाट पाहत बसत नाही, आधी ठरवून ठेवलेला पर्याय लागू होतो. न्यूयॉर्कच्या कायद्यात फाईल अडली की भुर्दंड हॉटेलवाल्याला. इंग्लंडमध्ये ती अडली की निर्णयाचा हक्क कौन्सिलच्या हातातून जातो, त्यामुळे कौन्सिल फाईल उघडते.

पुढे ही व्यवस्था कायम करताना त्यांनी शुल्काची कमाल मर्यादा नव्या परवान्यासाठी ५०० आणि नूतनीकरणासाठी ३५० पौंडांवर नेली, निर्णयाची मुदतही दुप्पट केली. पण ‘उत्तर नाही म्हणजे होकार’ ही तरतूद ठेवली. मार्च २०२४ अखेरीपासून ते लागू आहे.

आपल्याकडे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. त्यात सेवेची मुदत आहे आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडही आहे. पण दंड झाला तरी अर्जदाराच्या हातात परवाना येतो असं नाही. आणि त्यासाठी आधी अपील करावं लागतं. ज्या खात्याचा निरीक्षक दर वर्षी आपल्या स्वयंपाकघरात येणार, त्याच खात्याविरुद्ध अपील करणारा हॉटेलवाला विरळाच.

फेरीवाल्यांचं काय?

हा प्रश्न रेस्टॉरंटच्या चर्चेत सहसा कुणी काढत नाही, आणि मला तो सगळ्यात अडचणीचा वाटतो. न्यूयॉर्कमध्ये हातगाडीवर खाद्यपदार्थ विकण्याच्या परवान्यांवर १९८३ पासून मर्यादा होती, सुमारे ३ हजारांची. वर्षानुवर्षं प्रतीक्षा यादी. जून २०२० मध्ये त्याच शहरानं चार भिंती असलेल्या धंद्याला रस्ता फुकट आणि चार दिवसांत दिला. हातगाडीवाला मात्र त्याच रस्त्यावर रांगेतच होता. २०२१ च्या कायद्यानं त्याच्यासाठी दर वर्षी ४४५ नवे परवाने, तेही दहा वर्षांत टप्प्याटप्प्यानं, देण्याचं ठरलं.

मुंबईत हा प्रश्न आणखी टोकदार आहे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे, साथीत त्यांना १० हजार रुपयांचं स्वनिधी कर्ज मिळालं. पण उभं राहायची कायदेशीर जागा बहुतेकांना आजही नाही. उद्या एखाद्या साथीत महापालिकेनं वडापावच्या गाडीवाल्याला हटवून त्याच फुटपाथवर रेस्टॉरंटची टेबलं लावू दिली, तर तो दिलासा नसेल, फुटपाथचं हस्तांतर असेल. म्हणून मुंबईसाठी आवाराची मोकळी जागा आणि वाहनतळ आधी, फुटपाथ शेवटी, असा क्रम मला योग्य वाटतो.

आता करता येण्यासारखं काय आहे?

साथ आल्यावर चार दिवसांत नियम लिहायला लागू नयेत म्हणून ते आज लिहून ठेवता येतात. यासाठी नवा साचाही शोधायला नको. मुंबई महापालिका दर वर्षी पावसाळी शेडना परवानगी देते: पावसाळ्यापुरती, ठरलेल्या तारखेला काढून टाकण्याच्या अटीवर. सुरुवात, शेवट, माप आणि शुल्क सगळं आधीच माहीत असतं. साथीच्या काळातल्या टेबलांसाठी असंच एक कलम खाद्यगृह परवान्याला जोडता येईल. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली बसून खाण्यावर निर्बंध लागले की ते आपोआप सुरू व्हावं, निर्बंध उठल्यावर ठरावीक दिवसांनी संपावं. मापं फुटांत लिहिलेली असावीत, आग किंवा छप्पर आलं तर अग्निशमन दलाची तपासणी आधी व्हावी, आणि सोसायटीच्या आवारातल्या जागेसाठी सोसायटीची लेखी संमती असावी. अर्जावर सात दिवसांत उत्तर आलं नाही तर तो मंजूर.

शेवटच्या अटीवर महापालिकेत सगळ्यात जास्त खळखळ होईल. चर्चा तिथूनच सुरू करायला हवी.